वाचकसंख्या निरंक

बाई,

काल आपल्या त्या अणुकेंद्रीय भौतिकीच्या नियतकालिकाचे सगळे बांधीव खंड मी माझ्याच हाताने निर्लेखनाच्या, म्हणजे ग्रंथालयातून काढून टाकायच्या, यादीत लिहिले. खंड क्रमांक, वर्ष, बांधणीचा रंग, पुठ्ठ्याची अवस्था, सगळं नीट. नव्या अधिकाऱ्याने सांगितलं होतं की एवढा तपशील नको, 'पुराने जर्नल, एक लॉट' एवढं पुरे. मी म्हटलं, साहेब, लॉट भंगाराचा असतो. तो हसून म्हणाला, "तो ये क्या है, दादा?" मी पुढचा खंड लिहायला घेतला. शेवटचा खंड मधेच थांबतो. त्या वर्षाचे पहिले चारच अंक आहेत, ते बांधणीला गेलेच नाहीत, सुतळीने एकत्र करून ठेवलेले आहेत. ती गाठ तुमची. मी ती सोडली नाही. यादीत लिहिलं, 'अपूर्ण, सुतळीसह'.

मी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तुमचं जे वय होतं, त्याच्या पुढे मी केव्हाच गेलो. तेव्हा मी इथे भोपाळात, गोविंदपुऱ्यातल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होतो, दहावीनंतर शिक्षण नाही, आणि ओळखीतून कारखान्याच्या तांत्रिक ग्रंथालयात अटेंडंट म्हणून लागलो. धूळ पुसायची, अंक मांडायचे, शिक्के मारायचे. सगळे तुम्हाला मैडम म्हणायचे, मी एकटा बाई म्हणायचो. तुम्ही विचारलंत, "मी काय शाळेत शिकवते का रे?" पण आठ दिवसांत शिकवायला लागलातही. पहिला धडा शिक्क्याचा होता. एक शिक्का मुखपृष्ठाच्या आत आणि एक ठरलेल्या गुप्त पानावर, म्हणजे कुणी पहिलं पान फाडून अंक नेला तरी आपला ओळखता येईल. मी सरळ रेषेत शिक्का मारला तेव्हा तुम्ही अंक उजेडाकडे धरून पाहिलात आणि म्हणालात, हात बरा आहे. माझ्या आयुष्यात मला मिळालेलं ते पहिलं प्रमाणपत्र. बाकीचं सगळं मी वाचून वाचून शिकलो आणि त्याचा मला गर्व होता, आजही आहे, खोटं कशाला बोलू.

टर्बाइन आणि मोटारी बनवणाऱ्या कारखान्याला अणुकेंद्राचं नियतकालिक कशाला, हे नव्या माणसाला सांगावं लागतं. एके काळी इथे अणुवीजकेंद्रांच्या कामासाठी चार-पाच शास्त्रज्ञांचा एक गट होता, त्यांनी ते सुरू करवलं. गट बदल्यांमध्ये पांगला, नियतकालिक येत राहिलं, कारण दर वर्षी नूतनीकरणाच्या कागदावर तुम्ही सही करत राहिलात. जहाजाने यायचं, महिने-महिने उशिरा. पाकीट तुम्ही स्वतः कात्रीने कापायचात. मग आपण दोघं प्रत्येक लेखाचं विषयवार कार्ड करायचो. तुम्ही शीर्षक वाचायचात आणि मला विचारायचात, हे कशात घालू? विखंडन, विखुरण, बीटा ऱ्हास, केंद्रकाची रचना, जड आयनांच्या टकरी. सुरुवातीला मी शब्दांवरून ओळखायचो, पुढे लेखकांच्या नावांवरून. विखंडनाचा खण हळूहळू भरेनासा झाला आणि जड आयनांच्या खणात कार्डं मावेनाशी झाली, तेव्हा तुम्ही म्हणालात, बघ, जगाचं लक्ष कुठे वळलंय ते आपल्याला भोपाळात बसून कळतं.

आणि मग संदर्भांची मोजणी. प्रत्येक लेखाच्या शेवटी आधीच्या लेखांची यादी असते, त्यातला जो उल्लेख आपल्या नियतकालिकाकडे बोट दाखवतो त्याची एक चिठ्ठी करायची. कुठल्या जुन्या लेखाला नवे लोक अजून विचारतात, ते चिठ्ठ्यांवरून कळतं. तुमची एक सक्त अट होती. लेखकाने स्वतःच्याच जुन्या लेखाचा उल्लेख केला असेल तर ती चिठ्ठी वेगळी काढायची. स्वतःचं नाव स्वतः घेतलेलं मोजायचं नाही, म्हणालात, नाहीतर मोजणीला काही अर्थ राहत नाही. मला ही अट इतकी आवडली की मी ती घरीही लावू लागलो. बायको चिडायची. आज भाजी छान झाली आहे ना, असं तिने विचारलं की मी म्हणायचो, तुझं मत धरायचं नाही.

एका रविवारी तुम्ही मला टी. टी. नगरच्या क्वार्टरमध्ये चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन बोलावलंत. तुमच्या आई स्वयंपाकघरात सांबारवड्या तळत होत्या. नागपूर सोडून इतकी वर्षं झाली तरी कोथिंबिरीला त्या सांबारच म्हणायच्या. आपण ओट्याशेजारी पाटांवर बसून चिठ्ठ्या लावतोय, पिठाचे हात लागू नयेत म्हणून तुम्ही आईंना सारखं मागे सारताय. आई मला म्हणतात, "काय करून राहिले रे तुम्ही दोघं? कोणी मेलं का, याद्या करून राहिले?" तुम्ही हसता. मग गंभीर होऊन म्हणता, "आई, याला यातलं समजतं. आमच्या इंजिनिअर लोकांना नाही समजत एवढं." मी मान खाली घालून वडी खात राहतो. वडी फार गरम होती. जीभ भाजली तरी मी थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

जेवणाच्या सुट्टीत मी रॅकमागच्या बांधणीच्या टेबलावर बसून ते अंक चाळायचो. सात वर्षं, एकही अंक सुटला नाही. वाचनकक्षाच्या टेबलावर एकदाच बसलो होतो. तिथे रजिस्टर होतं, त्यात नाव, पद, शिक्षण आणि वाचलेलं नियतकालिक लिहावं लागे. मी पेन उचललं आणि बाजूच्या तरुण इंजिनिअरने मित्राला म्हटलं, लो, अब अपने भैया भी न्यूट्रॉन गिनेंगे. त्याच्या मनात वाईट नसेलही. सगळे हसले, मीही हसलो, पेन ठेवलं आणि पुन्हा कधी त्या टेबलावर बसलो नाही. 'शिक्षण' या रकान्यात काय लिहायचं होतं मी? तुम्ही रॅकच्या फटीतून मला रोज बघत होतात. कधी काही बोलला नाहीत.

मग परदेशी नियतकालिकांच्या खर्चासाठी समिती बसली. अध्यक्ष मोठे इंजिनिअर, सरळ माणूस. त्यांनी तुम्हाला माझ्यासमोर सांगितलं, "मैडम, मुझे दो बातें बताइए। दुनिया में इसकी पूछ है क्या, और हमारे यहाँ इसे पढ़ता कौन है। एक आदमी भी पढ़ता हो तो मैं चालू रखूँगा। पर एक हो तो सही।" तुम्ही अहवालाचं काम माझ्याकडे दिलंत. आईंचं दुखणं वाढलं होतं, त्यांना उपचारासाठी नागपूरला ठेवलं होतं, तुम्ही रजेवर तिकडे जाऊन येऊन होतात, पण कारण तेवढंच नव्हतं. माझ्या हातून काहीतरी मोठं व्हावं अशी तुमची इच्छा होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. पहिला भाग असा झाला होता, बाई, की आजही मला त्यात खोट काढता येत नाही. कुठले विषय वाढले, कुठले ओसरले, कुठल्या लेखांना किती काळाने विचारलं गेलं, स्वतःचे उल्लेख वगळून, ग्रंथालयातल्या दुसऱ्या नियतकालिकांशी तुलना करून. पूछ होती, भरपूर होती. दुसऱ्या भागासाठी मी रजिस्टरं काढली. गट पांगल्यानंतरच्या वर्षांत त्या नियतकालिकासमोर एकही नाव नव्हतं. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'वाचकसंख्या: निरंक'.

तुम्ही अहवाल उभ्यानेच वाचलात. पहिला भाग वाचताना तुमचा चेहरा कसा होता ते मी कुणाला सांगितलेलं नाही आणि इथेही लिहिणार नाही. मग ते शेवटचं पान. तुम्ही विचारलंत, "एकही नाही?"

"रजिस्टरात नाही."

"रजिस्टर राहू दे. नीट आठव. कोणी एक जण?"

मला सगळं समजत होतं. तुम्ही माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं. आणि मी, ज्याला आपल्या काटेकोरपणाचा एवढा अभिमान, मी म्हणालो, "बाई, स्वतःचं नाव स्वतः मोजायचं नाही, तुम्हीच शिकवलंत."

तुम्ही अहवाल मिटून टेबलावर ठेवलात. मग हळू आवाजात म्हणालात, "अरे, ते लिहिणाऱ्यांसाठी होतं. वाचणाऱ्यांसाठी नव्हतं."

तरीही मी पान बदललं नाही. तुम्हीही स्वतः बदललं नाहीत. बदलू शकला असतात, सही तुमचीच होती. अध्यक्षांनी पहिल्या भागाचं मनापासून कौतुक केलं, ये किसने बनाया म्हणून विचारलं, आणि शेवटच्या पानावर बोट ठेवून नियतकालिक बंद केलं. त्या दिवसापासून तुम्ही मला 'अहो' म्हणायला लागलात. जरा तो रॅक बघता का, अहो, तो अंक देता का. कारखान्यात कुणालाही वाटलं असतं की माझा मान वाढला. पुढल्या वर्षी परदेशी विभागच राहिला नाही म्हणून तुम्हाला वसाहतीच्या क्लबच्या वाचनालयात पाठवलं, कादंबऱ्या आणि बायकांची मासिकं द्यायला. मी दोनदा आलो. दुसऱ्यांदा तुम्ही मला आत बसवलं नाहीत, खिडकीतूनच विचारलंत, "काय हवंय तुम्हाला?" मी म्हणालो, काही नाही. मग तुम्ही निवृत्त झालात, मग नागपूर, मग एक दिवस नोटीस बोर्डावर तुमचं नाव होतं आणि खाली दोन मिनिटं मौनाची वेळ.

आता ते नियतकालिक पडद्यावर दिसतं. प्रत्येक लेखाखाली आकडा असतो, किती जणांनी उल्लेख केला, बोट लावलं की यादी उघडते. आपल्याला ज्याला आठवडे लागत ते डोळा लवायच्या आत होतं, आणि स्वतःचे उल्लेख वगळायची सोयही आहे. मी आपल्या काळातले लेख शोधून पाहतो. पुष्कळसे थंड पडलेत, कुणी विचारत नाही. दोन-तीन अजून जिवंत आहेत आणि ते पाहून मला आनंद व्हायला हवा, पण होत नाही. वाटतं, तेही थांबावं एकदाचं.

एवढं लिहिलं आणि अजूनही मी तुमच्याशी सरळ बोललेलो नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की 'शिक्षण' या रकान्याची लाज होती, त्या पोराच्या हसण्याची होती. तेवढं असतं तर तुमच्यासाठी मी ती गिळली असती. भीती दुसरीच होती. माझं नाव लिहिलं असतं तर अध्यक्षांनी मला बोलावलं असतं, सरळ माणूस, कौतुकानेच विचारलं असतं, बताओ भाई, इसमें क्या पढ़ते हो. आणि तुम्ही शेजारी उभ्या असता. बाई, मी शीर्षक वाचायचो, खालचा सारांश वाचायचो आणि थेट शेवटच्या यादीवर जायचो. कोण कुणाला विचारतो, कोण कुणाला विसरला, ते मला पाठ होतं, भावकीतली नाती असावीत तसं. मधली पानं, जिथे समीकरणं होती, ती मी उलटायचो. सात वर्षांत त्यातलं एकही मला समजलं नाही.