जळकी कॉइल आणि बाकीची मालमत्ता

मी, या कागदाच्या शेवटी अंगठा न उठवता स्वतःच्या हाताने सही करणारी, गल्लीत जिला सगळे कॉइलवाली आजी म्हणतात ती, आज राजीखुशीने आणि मागे कोणी उभं नसताना हे मृत्युपत्र लिहिते. शाळा मी चौथीत सोडली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ वाचणाऱ्याने पदरचं घालून वाचावं. डोकं ठिकाणावर आहे. ‘अक्कलहुशारीने’ असंही लिहायची पद्धत आहे म्हणतात, ते मी गाळलं आहे. का, ते चौथ्या कलमात कळेल. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण आपल्याकडे वाटण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नाही.

कलम पहिले. राहतं घर मुलाला आणि सुनेला, दोघांच्या नावे. खिडकीजवळची लहान खोली मात्र नात आपणहून सोडत नाही तोवर तिची. मुला, तिथे कपाट ठेवायचा तुझा बेत मला ठाऊक आहे. कपाट ठेवू नये.

कलम दुसरे. बँकेत जे काही असेल ते सुनेला. मुलाच्या हातात दिलं तर दुसऱ्या दिवशी भिंतीवर नवा टीव्ही दिसेल. कानातलेही सुनेलाच. माझं मोठं पातेलं जाऊबाईंनी ‘दोन दिवसांसाठी’ म्हणून नेलं, ते परत आलंच नाही. आता त्यात त्यांनी झाड लावलंय. ते पातेलं झाडासकट त्यांना दिलं असं समजावं. जिवंतपणी मी ते भांडण जिंकले नाही, मेल्यावर काय जिंकणार.

कलम तिसरे. हत्यारं. हाताने फिरवायचं वायंडिंग मशीन, दोन्ही पकडी, कातरी, वार्निशचा डबा, तांब्याच्या तारेची रिळं, पिवळी टेप, सगळं नातीला. ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात तारेच्या कॉइली गुंडाळण्यात माझी उमर गेली. मुकादम मला ‘गोगलगाय’ म्हणायचा. पण गोगलगायीने गुंडाळलेली कॉइल कधी माघारी आली नाही. त्याला मी माफ केलेलं नाही, याची नोंद असावी.

आता ही नात कोण, ते अनोळखी वाचणाऱ्यासाठी सांगते. माझ्या मुलाची एकुलती एक मुलगी. बाहुल्यांच्या वयात रेडिओ उघडून बसायची आणि बंद करताना दोन स्क्रू हटकून उरायचे. शिकून मोठी झाली आणि घरीच अ‍ॅम्प्लिफायर करायला बसली. साधासुधा नाही, सगळा डिजिटल. मला समजावलं तेव्हा मी म्हटलं, “बाई गं, मला पाढेसुद्धा अर्धेच येतात.”

ती म्हणाली, “पाढे नकोत, आजी. तू दिव्याचं बटण चालू-बंद करतेस ना? माझ्या यंत्रात गाणं शेवटपर्यंत नुसते आकडे असतं. त्या आकड्यांच्या हुकमाने बटणं उघडतात, मिटतात. डोळा लवतो तेवढ्यात लाखो वेळा.”

“आणि यातून गाणं कुठून येतं?”

“तुझ्या कॉइलीतून. ती त्या धडधडीची धार मोडते. आकड्यांचं गाणं होतं ते शेवटी तुझ्या कॉइलीत.”

अहो, त्या दिवशी मी जेवायचंच विसरले. या वयात कोणी आपल्याला शेवटची कडी म्हणतं! दुधवाल्याला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं, जाऊबाईंना तर मुद्दाम फोन करून सांगितलं. नातीने मला लोखंडाच्या भुकटीच्या, राखाडी रंगाच्या कड्या आणून दिल्या, बांगडीहून लहान, त्यांच्यावर तार गुंडाळायची. पहिल्या दोन कॉइली तिने मीटर लावून तपासल्या. मग मीटर बाजूला ठेवून म्हणाली, “तुझ्या हाताला कसला मीटर, आजी.”

कलम चौथे. हे कलम लिहायला मी बरेच दिवस लावले.

माझे हात थरथरतात. घरात कोणाला माहीत नाही. चहा मी बशीत ओतून पिते ते आवडतं म्हणून नाही, कप हिंदकळतो म्हणून. त्या राखाडी कड्या फार ठिसूळ. शेवटच्या कॉइलीची कडी माझ्या हातून निसटली, फरशीवर पडली आणि तिचे तुकडे तुकडे झाले. नात आंघोळीला गेली होती. मी तुकडे झाडून घेतले. सांगितलं असतं तर ती काही बोलली नसती, दुसरी आणली असती. पण मग तिने माझ्या हातांकडे बघितलं असतं. “राहू दे आजी, मी करते,” म्हणाली असती. तेवढं मला ऐकायचं नव्हतं.

माझ्या पत्र्याच्या डब्यात कारखान्यातल्या जुन्या लोखंडी कड्या होत्या. त्यातली एक मापात तंतोतंत बसली. मी मनाशी म्हटलं, लोखंड ते लोखंड, हे तर उलट मजबूत. तार गुंडाळली, वरून पिवळी टेप, वरून वार्निश. दिसायला अशी देखणी की मुकादमसुद्धा गप्प बसला असता. आत काय आहे ते देवालाही दिसलं नसतं.

संध्याकाळी घरी एक गाणं वाजवून बघितलं, छान वाजलं. दुसऱ्या दिवशी असली यंत्रं घरी बनवणाऱ्या हौशी लोकांच्या सभेत तिने यंत्र मांडलं. मी पहिल्या रांगेत, नवी साडी नेसून. थोडा वेळ सगळे माना डोलवत होते. मग उजवा स्पीकर घोगरा झाला, भोकाड पसरल्यासारखा ओरडला आणि यंत्रातून धूर निघाला. मागून कोणीतरी म्हणालं, “डिजिटल स्वयंपाक चाललाय वाटतं.” लोक हसले. वार्निश जळल्याचा वास मला झोपेतही ओळखता येतो. लोखंडी कडी इतक्या वेगाची धडधड सोसत नाही, तापते, हे मला त्या क्षणी समजलं. मी खुर्चीतून उठले नाही. साडीचा पदर नाकाला लावून बसले.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, “दे ती जळकी कॉइल, मी टाकते. तू हात काळे करू नकोस.” तिने दिली. मी टाकली नाही.

तेव्हापासून ती आपल्या आकड्यांत चूक शोधते आहे. यंत्रातली जोडीची बटणं एकाच वेळी उघडी राहिली, म्हणून जळलं असणार म्हणते. प्रोग्रॅम पुसते, पुन्हा लिहिते. आता तर काहीच लिहीत नाही. मुलगा म्हणाला, “झाला ना धूर? आता नोकरी बघ.” ती एवढंच म्हणाली, “माझं डोकं यातलं नाही, बाबा.” येत्या रविवारी दुरुस्तीच्या दुकानाचा मालक तिचं सगळं सामान विकत न्यायला येणार आहे. आणि मी तिला चहा करून देते, डोक्यावरून हात फिरवते, तोच थरथरता हात. ती म्हणते, “तू आहेस म्हणून बरं, आजी.” हे ऐकून जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटतं.

म्हणून जळकी कॉइल, माझ्या साड्यांच्या पेटीत तळाशी आहे ती, नातीला. तिने टेप कापून आत बघावं. आकडे तिचे बरोबर होते. खोटं माझ्या कॉइलीत होतं.

कलम पाचवे. एवढं लिहून झाल्यावर लक्षात आलं की मृत्युपत्र मेल्यावर उघडतात आणि सामान रविवारी जाणार. मी बरी धडधाकट आहे, इतक्यात मरेन असं वाटत नाही. तेव्हा हा कागद मी आजच, दोन्ही साक्षीदारांसमोर, नातीला वाचून दाखवते आहे. सही त्यानंतर.

पुरवणी, वाचून झाल्यावर लिहिलेली. अडखळत वाचलं. चौथ्या कलमाला मी कागद साक्षीला बसलेल्या शिवणकामवाल्या वहिनींच्या हातात दिला, पुढचं त्यांनी वाचलं. नातीने पेटीतून कॉइल काढली, टेप कापली आणि लोखंड बघत उभी राहिली.

“आजी, मी स्वतःला मूर्ख समजत होते गं,” ती म्हणाली. “आणि तू रोज समोर बसलेली होतीस.”

मी हो म्हटलं. ती स्वयंपाकघरात गेली, दार लावून घेतलं. वहिनी उठायला लागल्या, मी त्यांना बसवून ठेवलं. आतून फोनवरचं बोलणं ऐकू आलं: “रविवारी येऊ नका. नाही, काहीच विकायचं नाहीये.” बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. राखाडी कड्यांचा पुडा माझ्यापुढे ठेवला, पलंगावरची जाड चादर ओढली, चार घड्या घालून माझ्या टेबलावर आणि खाली फरशीवरही अंथरली.

“आता पडू देत,” म्हणाली.

लिहून ठेवणार : कॉइलवाली आजी (सही वाकडी आहे, ती माझीच आहे)
साक्षीदार : शेजारच्या शिवणकामवाल्या वहिनी, कोपऱ्यावरचे औषधवाले काका
ठिकाण : खिडकीजवळची लहान खोली
दिनांक : शुक्रवार, दिवेलागणीची वेळ