खाडीवर तुझी आरोळी

माय, राखणीच्या माळ्यावर बसून लिहितोय. भर दुपारी पाखरं जरा थंडावतात, सावलीला जातात, तेवढ्या वेळात जमेल तेवढं. खाली आपली ज्वारी उभी आहे, विहिरीकडच्या पट्टीतली. चारी बाजूचं सोयाबीन काढून झालंय, रानं मोकळी पडलीत, आणि त्या सगळ्या मोकळ्यात दाणा भरलेली ही एवढी एकच पट्टी. गावात आता खरिपाची ज्वारी कुणी टाकत नाही, पाखरं ठेवत नाहीत म्हणून; आणि कुणीच टाकत नाही म्हणून जो टाकतो त्याच्यावर शिवारातली सगळी पाखरं तुटून पडतात. आबांना शुगर निघाली. मुखेडच्या डॉक्टरनं मला सांगितलं, वडलांची चपाती बंद, ज्वारीची भाकर द्या. बाजारातली ज्वारी आबांच्या घशाखाली उतरत नाही, "चव न्हाई, काई न्हाई, भुसकट चावल्यावानी लागतंय," म्हणून त्यांनी हट्टानं पट्टी पेरली. त्यांची वर्षाची भाकर आणि गाईला कडबा. राखण मी करीन असा शब्द मी दिला होता. आणि शब्द देऊन कोकणात गेलो.

तुला नवल वाटणार नाही. तू तेव्हाच म्हणायचीस, ह्याच्या पायात भिंगरी हाय. एकदा तू मला डबा बडवायला शेताच्या धुऱ्यावर बसवलंस आणि मी डबा तिथंच टाकून धनगरांच्या मेंढरांमागं चालायला लागलो, पार नायगावच्या रस्त्याला लागलो, तेव्हा तू गोफण खांद्यावर टाकून मला शोधत आली होतीस. मारलं नाहीस. सगळ्या रस्त्यानं बोलत आलीस. "पाखरं बरी रे बाबा, हाकलल्यावर तरी जातेत. तू न हाकलताच चालला." त्याच आठवड्यात तू अंबाडीची एक लहान गोफण वळून दिलीस मला, माझ्या हाताच्या मापाची. सोलून भिजवलेल्या अंबाडीचा वास येत राहायचा तिला. असो, मी कुठं निघालो होतो? कोकणात.

अकरावीत कॉलेज सुटलं, मग लातुरात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसलो, मग किल्लारीकडं एक हंगाम उसाच्या ट्रॅक्टरवर, मग काळी-पिवळी जीप. शेवटी नांदेडच्या एका बाईंच्या गाडीवर ड्रायव्हर लागलो. बाई कॉलेजात शिकवायच्या, रिटायर झाल्या, आणि आता पाखरं बघत हिंडतात. कोकणात जायचं म्हणाल्या तेव्हा मला वाटलं होतं देवदर्शन असेल. निघाल्यावर कळलं की खाडीच्या तोंडाशी चिखलात उभं राहायचं आणि दुर्बिणीतून पाहायचं, एवढंच काम. मी मनात हसलो. आपल्याकडं पाखरांना कुणी पाहत नाही, पाखरांवर नजर ठेवतात.

पण माय, ते पाणी. तू समुद्र पाहिला नाहीस, कसा सांगू. खाडी म्हणजे नदी जिथं समुद्राला भेटते तिथलं रुंद तोंड. भरती आली की पाणी चढतं, ओहोटीला उतरतं, आणि उतरलं की कोसभर चिखल उघडा पडतो, नुसता चमकणारा. त्या चिखलावर पाखरं. चिखल्या, तुतवार, पांढरे कुरव, लांब वाकड्या चोचीची कसली कसली. बाई नावं सांगायच्या आणि मी दुसऱ्या मिनिटाला विसरायचो. काही तर चिमणीएवढी. बाई म्हणाल्या, हे पार बर्फाच्या मुलखातून आलंय, तिकडं थंडी सुरू झाली की इकडं. मी म्हणालो, "बाई, एवढंसं? चालत्या ट्रकचा वारा लागला तर मरंल ते." त्या म्हणाल्या, "आलंय ना पण." मी दुर्बीण डोळ्याला लावली ती हात दुखेस्तोवर काढली नाही. त्या चिमुकल्याच्या पायाला चिखल लागला होता आणि ते पळत होतं, थांबत होतं, टोचत होतं, जसं काही जन्मल्यापासून इथंच आहे.

रोज आबांचा फोन यायचा. "भोरड्या आल्या बरं का. काळं-गुलाबी झालंय रान सगळं. माझा खांदा वर होईना गोफण फिरवाया." मी म्हणायचो, येऊन राहिलो आबा, उद्याच निघतो. बाईंची हरकत नव्हती. त्यांना परतायला अजून दिवस होते, तू एसटीनं जा, मी इथला ड्रायव्हर बघते म्हणाल्या. पण रोज सकाळी खाडीवर कालच्यापेक्षा जास्त पाखरं उतरलेली असायची आणि माझा उद्या पुढं जायचा. तिकडं आबांची भाकर दाण्यादाण्यानं उडून चालली होती, हे मला कळत होतं. कळत असून मी दुर्बीण पुसत होतो.

मग तो दिवस. आम्ही होडीत होतो, मी, बाई आणि होडीवाला तांडेल, पोट सुटलेला, सारखा टोमणे मारणारा माणूस. भरती चढत होती. चिखल आकसत आकसत एक लांबट पट्टी तेवढी उरली, आणि सगळ्या खाडीतली पाखरं त्या पट्टीवर यायला लागली. आधी थोडी. मग समुद्राकडून एक मोठा थवा आला, धुरासारखा, वळला, आणि एकदम खाली वाकून उतरायला लागला. हुबेहूब कणसांवर उतरतात तसा. माय, मी काही ठरवलं नव्हतं. मी उभा राहिलो, होडी हलली, माझा उजवा हात डोक्यावर गरगर फिरला आणि तोंडातून निघालं, "हाऽऽ हा हा हाऽऽ, हऽऽर्र रेऽऽ! मुडदा बशिवला तुमचा!"

सगळी खाडी उठली. एवढा आवाज पंखांचा मी कधी ऐकला नव्हता, जणू कुणी मोठं लुगडं आमच्या डोक्यावर झटकलं. थवा वर गेला, वळला की राखेसारखा, परत वळला की पांढराशुभ्र, सगळे एकदम, कुणी सांगितल्याशिवाय. बाईंच्या हातून वही पाण्यात पडली. तांडेल ओरडला, "अरे मेल्या, हंय काय तुझ्या बापाशीचा शेत खातत ती?" आणि मग पोट धरून हसायला लागला. बाई हसल्या नाहीत. आधी त्यांनी वर बोट केलं, "त्यांच्यातले काही बघ, काखेत काळं आहे. तो राखी चिखल्या. बसल्यावर हे दिसत नाही." आणि थवा दूर गेल्यावर म्हणाल्या, "पुन्हा असं करू नकोस. दमून आलीत ती. उगाच उडवलं की खाल्लेलं सगळं उडण्यात जातं त्यांचं." मी मान हलवली. पण माझं लक्षच नव्हतं. तो आवाज माझा नव्हता, माय. मी सहावीत असताना तू गेलीस. तुझा चेहरा फोटोत आहे, आवाज कुठंच नाही, आणि तो आठवत नाही हे मी कुणाला बोललो नव्हतो. तो शेवटचा 'रे' ओढायची तुझी तऱ्हा, वर नेऊन सोडायची, तीच निघाली माझ्या घशातून, सगळ्या खाडीवर.

संध्याकाळी मी पिशवी भरली. बाईंनी विचारलं, एवढं काय अर्जंट? ज्वारी आणि भोरड्यांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पळस मैना! अरे, त्याही पाहुण्याच. पार मध्य आशियातून, डोंगर-वाळवंटं ओलांडून येतात. तुमच्या रानापर्यंत." रात्रभर एसटीत मला झोप नव्हती. तू नांदेडच्या पलीकडं कधी गेली नाहीस, आणि दरसाल एवढ्या लांबचं आभाळ तुझ्या पट्टीवर उतरायचं, आणि तू त्याला नेम धरून गोफणीतून दगडाचा गुंडा मारायचीस. लातूरला बस थांबली तेव्हा दुकानातल्या जुन्या दोस्ताकडं एक चहा पिऊन यावं असं फार वाटलं. उतरलो नाही. हे तुला मुद्दाम सांगतोय.

आबा धुऱ्यावरच बसले होते. "आले का कलेक्टरसाहेब?" म्हणाले. "लई लौकर आले. अजून धाटं हायेत उभी." विहिरीकडची कड निम्मी खाल्लेली होती, कणसांची नुसती बोंडकं. मी गोफण घेतली, माळ्यावर चढलो. दुपारी एक टोळकं आलं तेव्हा ओरडलो, तसाच, शेवटाला 'रे' ओढून. आबा विहिरीवर पाणी शेंदत होते. दोर हातात तसाच धरून थांबले, माळ्याकडं बघत. मग दोर ओढायला लागले. जेवताना भाकर मोडत एवढंच म्हणाले, "आवाज पोचतोय."

आता राखण बरी चाललीय. उरलेलं वाचेल, आबांच्या हिशोबानं शिमग्यापर्यंतची भाकर निघेल. पुढचं बाजारातून आणू, शिव्या देत खातील. हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून शेवटचं लिहून टाकतो. आज सकाळी दव होतं तेव्हा पूर्वेकडून भोरड्यांचा मोठा थवा आला. एवढा मोठा की आल्या आल्या सूर्य झाकला, आणि सबंध थवा आपल्या पट्टीवर एकदा फिरला, काळा, मग गुलाबी, परत काळा. गोफणीत गुंडा घातलेला होता. घसा मोकळा होता. त्या सगळ्या उतरल्या, माळ्याच्या पायाशी, इतक्या जवळ की चोची कणसात शिरल्याचा कुटकुट आवाज येत होता. दोन ओळी साफ झाल्या. नंतर आबांनी विचारलं, "ह्या दोन ओळी कशा गेल्या रे?" मी म्हणालो, पाणी प्यायला खाली उतरलो होतो. माय, मी उतरलो नव्हतो.