अंगावरचं आणि वरचं

आये, तुझ्या नातीला मी अंगावर पाजू शकले नाही. म्हणजे पाजलं, पण पोटभर कधीच नाही. असं सरळ मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून तुला सांगते. मी आश्रमशाळेत शिकत होते तेव्हाच तू गेलीस. माझी मास्तरकी, लग्न, खोडाळ्यातली ही भाड्याची खोली, यातलं काहीच तू पाहिलं नाहीस.

जव्हारच्या दवाखान्यात ऑपरेशन करून ती झाली. एवढीशी, कातडीला सुरकुत्या, मुठी मात्र घट्ट. पहिला चीकसुद्धा थेंबथेंबच येत होता. सिस्टर म्हणाल्या, येईल, लावत राहा. मी लावत राहिले. ती ओढायची, दमायची आणि तशीच झोपी जायची. घरी आल्यावर सासूबाईंनी अळिवाची खीर केली, नागलीची पेज केली, भाकरीवर खुरासणीची चटणी वाढली. मी सगळं खाल्लं. मग एके दिवशी सकाळपासून पोरीचं दुपटं ओलं झालं नाही. ओठ सुकले, रडणंही बारीक होत गेलं. नवऱ्याने शेजाऱ्यांची जीप आणली आणि आम्ही परत जव्हार गाठलं. डॉक्टर मला रागावलेसुद्धा नाहीत, ते जास्त लागलं. त्यांनी वरचं दूध लिहून दिलं. सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दोन्ही चालतं. आधी अंगावर घे, मग वाटी-चमच्याने वरचं पाज. अंगावर घेणं सोडू नको, सोडलंस की आटेल."

चमच्याने पाजताना निम्मं दूध तिच्या गळ्याखाली सांडायचं. सासूबाईंनी बाजारातून बाटली आणली. मी नको म्हणाले, त्यांनी ती फळीवर ठेवून दिली. एका दुपारी माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा नवरा तिला मांडीवर घेऊन बाटलीने पाजत होता, आणि ती घटाघटा पीत होती. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच मी सासूबाईंना हसताना पाहिलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पोर अंग धरू लागली ती तेव्हापासूनच. पण त्यानंतर मी जवळ घेतलं की ती पाठ ताणायची, तोंड फिरवायची, लालबुंद होऊन रडायची. आपलंच लेकरू आपल्याला ढकलतं तेव्हा बाई कुठे जाते, आये? मी मोरीत जाऊन बसते आणि नळ सोडते.

तिथे तू आठवतेस. भाताच्या आवणीचे दिवस आहेत, तू शेतातून चिखलाच्या पायांनी येतेस आणि चुलीपाशी बसून तान्ह्या भावाला पदराखाली घेतेस. शेजारची बाई तापाने पडली आहे, म्हणून तिचं लेकरूही दुसऱ्या बाजूला. मी चिडून विचारते, आपल्या बाळाचं दूध तिच्या लेकराला का देतेस? तू माझ्या डोक्यात टपली मारतेस. "दूध काय माझा हाय? भूक लागल त्याचा." तू तेव्हा एक वेळ जेवायचीस आणि तुझं दोघांना पुरायचं. मला आयतं ताट मिळतं, भरपगारी रजा आहे, आणि माझ्याकडे एकीपुरतंही नाही. तुला कुठून यायचं, हे विचारायला मला कुणी नाही.

आता ती मान धरते. अंगणवाडीच्या ताई तिला काट्यावर ठेवतात आणि छान वाढली म्हणतात. ही शाबासकी मला की बाटलीला, ते कळत नाही. सकाळी झोपेतच, डोळे मिटलेले असताना, ती अजून छातीशी लागते. बाकी दिवसभर बाटली. रजा संपली की मी शाळेत असेन, मग सकाळही जाईल. सासूबाई म्हणतात, "आता सोड की. तुला त्रास, तिलाही त्रास." त्या मायेनेच म्हणतात. मी सिस्टरांचं नाव पुढे करते.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहून टाकते. गेल्या आठवड्यापासून दूध येत नाही. दाबून पाहिलं, थेंबही नाही. तिला काही मिळत नाही हे मला माहीत आहे. तरी रोज सकाळी मी तिला घेते आणि ती स्वतःहून सोडेपर्यंत हलत नाही. घरात सगळ्यांना वाटतं, मी तिला पाजते आहे.