शुक्रवारचा उपास

रवि. १५ जून
कॉलेज उद्यापासून. खोली तीच, पंखा तोच, त्याची खडखडही तीच. नवीन एवढंच की शेजारच्या खाटेवर आता प्रणाली आलीय. वर्गातलीच, उरणकडच्या गावची, आगरी. मेसमध्ये बोलली तर गेटवर वॉर्डनला ऐकू जाईल असा आवाज. आल्या आल्या डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. "खा गं, लाजतेस काय?" त्यात सुका जवळा. आमच्यात जवळा, कोळंबी, खेकडे काही चालत नाही. मासा खवल्यांचाच. मी म्हटलं, ॲलर्जी आहे.

खरं सांगायला काय झालं होतं? पण मागच्या वर्षी एकदा सांगून बघितलंय. आम्ही बेने इस्राएल, कोकणातलेच, यहूदी. "म्हणजे ख्रिश्चन?" नाही. "म्हणजे मुसलमान?" नाही. "मग मराठी कशी येते?" कर्म माझं! आठवीपर्यंत अलिबागला मराठी शाळेत शिकले, मग बाबांच्या नोकरीपायी ऑकलंड, आता आयुर्वेद शिकायला पनवेल. तिकडच्या मैत्रिणींना ऐटीत सांगून आले, परदेशी शिकायला चालले. आणि इथे मी 'फॉरेनवाली'. दोन्हीकडची पाहुणी. असो. ॲलर्जी बरी.

बुध. १८ जून
संध्याकाळी चौघं बाहेर. प्रणाली (इथून पुढे प्र.), वर्गातला नितेश, आमच्याच मजल्यावरची सानिका, मी. स्टँडजवळ बिर्याणी. छान होती. मग नितेशने सगळ्यांना फालुदा सांगितला. मटण-चिकनवर दूध आमच्यात नाहीच, बाकी कितीही सैल असलो तरी ते नाही. पण या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. "विरुद्ध आहार! कालच शिकवलं ना सरांनी?" नितेश म्हणे, ते परीक्षेपुरतं असतं. माझा फालुदा प्र.ने ओढून घेतला नि संपवला. "हिचा आयुर्वेद मला पावला." खूप हसलो. खूप दिवसांनी अशी हसले.

परवा कोन गावच्या ढाब्यावर जायचं ठरतंय. म्हटलं, शुक्रवारी संध्याकाळी नाही जमत, मावशीकडे आमचं असतं.
प्र. – "काय असतं? उपास?"
मी – "हो, तसंच काहीतरी."
सुटले.

शनि. २१ जून
शब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, काम नाही, लिहिणंही नाही) सुटल्यावर लिहितेय, म्हणून शुक्रवारचं आज.

काल नेहमीसारखी फ्लोरामावशीकडे. आईची चुलत बहीण, स्टँडमागच्या बिल्डिंगमध्ये राहते. मी गेले नाही तर ती आणि मोझेसकाका दोघंच टेबलाशी. पांढरी चादर, दिवा, काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत. काकांनी त्यावर किद्दूश, शब्बाथची प्रार्थना, म्हटलं, मग एकमेकांच्या हाताला हात लावून आपापली बोटं ओठांना. नारळाच्या दुधातलं मटण. दोनदा वाढून घेतलं. उपास म्हणे! शुक्रवारी जेवते तेवढं मी आठवडाभर जेवत नाही.

शनि. २८ जून
काल दुपारी टेबलावर स्टीलचा डबा. प्र.च्या आईने गावाहून पाठवलेला, भावाबरोबर. उघडते तर साबुदाण्याची खिचडी! वर लिंबाची फोड, दाण्याचा कूट हात सैल सोडून. प्र. म्हणते, "आईला सांगितलं, फॉरेनची पोर आपल्यापेक्षा कडक हाय, शुक्रवार करते. आई बोलली, मेसमध्ये तिला कोण देणार उपासाचं?"

ती समोर बसून बघत होती. सगळी खाल्ली.

संध्याकाळी मावशीकडे घास उतरेना. साबुदाणा असा बसतो पोटात की विचारू नये. मावशीने ताटाकडे पाहिलं. मला वाटतं तिला लागलं.

रवि. ६ जुलै
परवाच्या शुक्रवारीही डबा. या वेळी वरीचे तांदूळ आणि आमटी. मावशीकडे पुन्हा तेच. शेवटी विचारलंच तिने, "मटणाला चव नाही का गं राहिली माझ्या? वयामुळे हात बिघडतो म्हणतात." मी म्हटलं, नाही गं, पोट ठीक नाही. म्हणजे इथे उपास आणि तिथे पोट. दोन घरं, दोन थापा.

आणि त्यात काकांनी सांगितलं. घर विकायचं ठरलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोघं मेलबर्नला मुलाकडे. कायमचे. "इथे आता प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायचे तर फोन करकरून जीव जातो. मी गेलो की आणखी एक कमी." हसत म्हणाले. मावशी स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

मग माझा शुक्रवार कुठे?

शनि. १२ जुलै
खोलीत काहीतरी बदललंय. मी आत गेले की सानिका पुडी मागे लपवते. काल वडापाव होता, वास आला ना! "सॉरी सॉरी, आज तुझा…" आणि बाहेर पळाली. शुक्रवारी सकाळपासून माझ्याभोवती असं, जसं काही मी देव्हाऱ्यात बसलेय. हसावं की रडावं.

सांगून टाकायला हवं. प्रत्येक शुक्रवार गेला की सांगणं आणखी अवघड होतं. आधी एक शब्द होता. आता त्यात प्र.च्या आईचे डबे आलेत.

रवि. २० जुलै
काल शब्बाथ सुटल्यावर फोन उघडला. सानिकाच्या स्टेटसला फोटो. कोनचा ढाबा. प्र., नितेश, सानिका आणि वर्गातले आणखी पाचसहा जण. खाली – गटारी स्पेशल. यंदा अमावस्या गुरुवारी, गुरुवारी यांना चालत नाही, म्हणून श्रावणाआधीचा शेवटचा शुक्रवार धरला. तेवढं कळतं मला.

मला कोणी बोललं नाही. साधं "येतेस का?" नाही. ग्रुपवर एक अक्षर नाही. म्हणजे दुसरा ग्रुप आहे, मी नसलेला.

मी शुक्रवारी गेलेच नसते, हे खरं. तरी लागलं. न जाणं वेगळं आणि न बोलावणं वेगळं. फोटोत प्र. माझा दुपट्टा घालून बसलीय, तो हिरवा. हिच्या अंगावर माझा दुपट्टा चालतो ढाब्यावर, मी नाही! शी, किती लहान मुलीसारखं लिहितेय. पण रडले.

आईला फोन केला. आवाजावरून ओळखलं तिने. "एकटं वाटत असेल तर परत ये. वर्ष गेलं तर गेलं." आई असं पहिल्यांदाच म्हणाली. मीही लगेच नाही म्हटलं नाही.

सोम. २१ जुलै
राहवलं नाही. सकाळी वेणी घालता घालता विचारलं, "गटारीला मी नको होते का?"
प्र.च्या हातातला कंगवा थांबला. "असं काय बोलतेस? तुझा उपास. उपासाच्या माणसाला तंगड्या चघळायला बोलवायचं? तुझ्यासमोर आमी खायचं आणि तू पाणी पीत बसायचं? आईला कळलं तर मारेल मला. मीच सगळ्यांना बोलले, दिनाला कळू नका देऊ, तिला वाईट वाटंल."

म्हणजे ही माया होती. एवढा राग धरून बसले होते आणि ही माया निघाली.

त्याच क्षणी सांगायचं. तोंड उघडलंही होतं. ती म्हणाली, "चल, लेक्चर." आणि मी गेले तिच्यामागून. येत्या शुक्रवारी डबा आला की सांगेन, डबा हातात घेऊन. नक्की.

शनि. २६ जुलै
व्हायचं ते झालं.

काल श्रावणातला पहिला शुक्रवार. प्र. गावी जाणार होती, तिच्या आईची जिवतीची पूजा, मुलांना ओवाळायचं असतं. डबा सकाळीच आला, पण मला दुपारभर प्रॅक्टिकल, ती भेटलीच नाही. मी डबा टेबलावर ठेवून सरळ मावशीकडे पळाले. म्हटलं, बरं झालं, रविवारी शांतपणे सांगू.

किद्दूश नुकतं झालं होतं. बेल वाजली. मावशीने दार उघडलं तर दारात प्र. (घर तिला ठाऊक होतं, स्टँडच्या वाटेवरच), खांद्याला बॅग, हातात तो डबा. "मावशी, दिना हे विसरून आली. उपाशी राहील म्हणून देऊन जाते, माझी गाडी हाय."

आणि तिने आत पाहिलं. माझ्या हातात कोंबडीचा पाय.

काकांनी सवयीने विचारलं, "ये ना बाळ, बस जेवायला. उपाशी कोण राहणार? शब्बाथला आमच्यात उपास करतच नाहीत, मनाई आहे."

काका, काका!

मी जिन्यापर्यंत धावले. खाली दिव्याखाली ती थांबली. ओरडेल असं वाटलं होतं. तिचा आवाज इतका बारीक मी कधीच ऐकला नव्हता. "आमच्यात बसायचं नव्हतं तर तसं बोलायचं. देवाचं नाव कशाला घेतलंस?"
"तसं नाही गं…"
"मी शुक्रवारचं म्हावरं सोडलं, माहीत हाय? तू उपाशी आणि मी कसं खाऊ म्हणून. घरी पण नाय खाल्लं. गटारीला पण डाळभात खाल्ला मी. आई विचारायची, काय नवस केलास काय?"

डबा माझ्या हातात देऊन गेली. म्हणजे त्या फोटोत माझा दुपट्टा घालून बसली होती तेव्हा समोर डाळभात होता. स्क्रीनशॉट ठेवला होता, झूम करून बघितलं आज. आहे.

वर आले तर मावशी तशीच उभी. तिला सगळं सांगितलं, खिचडीसकट. वाटलं रागावेल. खुर्चीत बसली नि पदर तोंडाला लावला. "म्हणजे माझं मटण बिघडलं नव्हतं!" हसली की रडली, देव जाणे. मग म्हणाली, "पोरी, घाबरतेस कशाला एवढी? आमच्या आजोबांनी तेलाचा घाणा बंद ठेवला शनिवारी, गावाने शनवारतेली म्हणून हाक मारली. त्यांनी कुणाला थाप नाही मारली."

मंगळ. २९ जुलै
प्र. काल परत आली. खोलीत आहे आणि नाही. वॉर्डनशी बोलते, पंख्याशी बोलेल, माझ्याशी नाही. माझा हिरवा दुपट्टा धुऊन, इस्त्री करून खाटेवर ठेवलाय. एवढं वाईट भांडूनसुद्धा वाटलं नसतं.

मी तिच्या पाठीला सगळं सांगितलं. उपास, ॲलर्जी, जवळा, फालुदा. की तुमच्यात बसायचं होतं म्हणूनच सांगितलं नाही. रोज उठून मी वेगळी, वेगळी, वेगळी, हे नको होतं. तिने वळून पाहिलं नाही. पण कानात इअरफोन घातले नाहीत.

गुरु. ३१ जुलै
उद्या मावशीचा इथला शेवटचा शुक्रवार. मंगळवारचं विमान. आज प्र.ला म्हटलं, "उद्या ये जेवायला. मावशीने बोलावलंय. मीपण."
ती पहिल्यांदा बोलली. "श्रावण हाय. मला चालत नाय."
"मटण नाही. सगळं शाकाहारी. आणि मलिदा, पोह्यांचा, खोबरं-साखर घालून. आमच्या नवसाचा असतो."
"उद्या आईकडं जिवती हाय. दर शुक्रवारी असते. संध्याकाळी आईसमोर पाटावर बसावं लागतं."
आणि वर, "शुक्रवार काय तुमचाच नाय."
खरंय.

आईने परत विचारलं, काय ठरवलंस. म्हटलं, शनिवारी सांगते.

शुक्र. १ ऑगस्ट, संध्याकाळ
मावशीकडे. दिवा लागला की लिहायचं नाही, म्हणून घाईने.

घर रिकामं. भिंतीवर फोटोंच्या जागी चौकोन. टेबल मात्र तसंच, ते नवीन माणसांना दिलंय. मी मलिदा कालवला, पोहे भिजवून, खोबरं, साखर, वेलची, वर फळं. मावशीने चार ताटं मांडली. काका म्हणाले, "चौथं कुणाचं?" मावशी म्हणाली, "असू दे."

प्र. सकाळीच बॅग घेऊन निघाली. बॅग भरलेली होती की रिकामी, कळलं नाही. मी विचारलंही नाही. मी उत्तर मागायचं म्हणजे काय!

आत्ता तिचा मेसेज आला. जसाच्या तसा लिहिते.

"आईला सगळं सांगितलं. मग बोलली, उपास नाय तर नाय, पोर उपाशी तर नव्हती ना. आता पूजेला बसलीय. घरात नसलेल्या पोरांसाठी चारी दिशांना अक्षता टाकतात आमच्यात. आई बोलते, पनवेलकडं पण टाकणार. माझ्यासाठी का तुझ्यासाठी, ते नाय बोलली."

पाचसहा वेळा वाचला. प्र. गावी आईसमोर पाटावर आहे की पनवेलमध्ये, यावरून काही कळत नाही. मुद्दामच लिहिलंय बयेने. मावशीलाही वाचून दाखवला. ती खिडकीशी गेली, खाली स्टँडवर गाड्या लागत होत्या, बघत उभी राहिली.

काका म्हणतात, सूर्य कुणासाठी थांबत नाही. मावशीने काडेपेटी घेतलीय. "दिना, ठेव ते पेन."

चौथं ताट तसंच आहे. जिन्यात पावलं वाजताहेत, पण या बिल्डिंगमध्ये या वेळेला सगळेच घरी ये—