तुटक रेघेचा बांध

१२ जानेवारी १९९८, सोमवार

तुटक रेघ येत नाही! सकाळी दहापासून सहापर्यंत एवढं एकच काम केलं आणि तेही झालं नाही. यादीतून तुटक रेघ निवडली, कॉम्प्युटर नावही तुटकच दाखवतो, आणि पडद्यावर रेघ मात्र सलग. बावीस वर्षं मी ट्रेसिंग पेपरवर शाईने नकाशे काढले. जे आहे ते सलग, जे व्हायचंय ते तुटक — हे पहिल्या दिवशी शिकवतात. या डब्याला कोणी शिकवलेलं दिसत नाही.

निकेश म्हणतो, बाई, मशीन चुकत नाही, माणूस चुकतो. निकेश म्हणजे आमच्या रोह्याच्या ऑफिसचा इंजिनीयर आणि मालक, वय सव्वीस. त्याचे वडील मालक असताना हाच टेबलाखाली बसून माझ्या पेन्सिली चावायचा.

दुसऱ्या कुठल्या गावाचा नकाशा असता तर अष्टमी गावातल्या घरी येऊन मी मुकाट्याने भाकऱ्या थापल्या असत्या. पण हा माझ्या माहेरचा आहे. धरमतरच्या खाडीकाठी अकराशे मीटरचा नवा बांध. तीन वर्षं उधाणाचं खारं पाणी भातात शिरतंय. यंदा पावसाळ्याआधी बांध झाला नाही तर माझ्या भावाची, काळुरामची जमीन कायमची गेली. त्याचीच काय, सगळ्या गावाची.

१४ जानेवारी, संक्रांत

पेणच्या सरकारी ऑफिसात नकाशा द्यायचा आज शेवटचा दिवस. छापून आला तोही सलग. म्हटलं, दोन तास द्या, शाईने काढून देते. निकेश म्हणाला, हाताने काढलेलं आता बरं दिसत नाही, आणि खाली खुणांची सूची आहेच की.

सूची पाहिली. ‘असलेला बांध’ — पुढे सलग रेघ. ‘नियोजित बांध’ — पुढे सलग रेघ.

तसाच गेला नकाशा. तिळगूळ घेतला, पण गोड काही बोलले नाही.

२ फेब्रुवारी

पेणहून पत्र. ‘नकाशात दर्शविलेल्या ठिकाणी बांध अस्तित्वात असल्याचे दिसून येते. सबब नवीन बांधाची आवश्यकता नाही.’

झाला बांध! ना माती, ना मजूर.

३ फेब्रुवारी

काळुराम पहिल्या एस.टी.ने आला. चहाला हात लावला नाही. सरकार म्हणतंय बांध आहे, तर मग पाणी आभाळातून येतं का, असं विचारत होता. मी कॉम्प्युटरचं सगळं समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तो आंधला हाय, मानलं. तू काय करत व्हतीस गो ताय?”



५ फेब्रुवारी

पेणचा रघू, कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, येऊन गेला. व्हायरस आहे म्हणाला. मशीन उघडलं, आतून पालीची दोन अंडी निघाली. रेघ सलग ती सलगच.

८ फेब्रुवारी, रविवार

शेजारच्या गिरजाबाईने गोधडी वाळत घातली होती. रस्त्यावरून बघितलं तर तिच्यावर नुसत्या रेघाच रेघा. जवळ गेले तर टाके! टाका, फट, टाका, फट. मी अर्धा तास तिथेच उभी. गिरजाबाईला वाटलं मला गोधडी हवी आहे. तिने ती आत नेली.

९ फेब्रुवारी

सापडलं!!

बांधाचं एक टोक धरलं आणि चित्र मोठं करत गेले. मोठं, आणखी मोठं, आणखी. शेवटी रेघ तुटली. बिचारा कॉम्प्युटर पहिल्यापासून तुटकच काढत होता, पण त्याचा टाका अर्ध्या मीटरचा. अकराशे मीटरच्या बांधात असले टाके दिसणार कसे? कागदावर तर फट केसाएवढीही उरत नव्हती. टाक्याचं माप ठरवणारा एक आकडा असतो, त्याला एलटीस्केल म्हणतात. तो होता एक. रागाच्या भरात मी पाच हजार घातला. परत सलग! आता टाकाच एवढा लांब झाला की सगळा बांध एका टाक्यात बसला. मग डोकं शांत ठेवून पंचवीस घातला.

आली. सुरेख, तुटक, माझ्या हातची वाटावी अशी आली. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. निकेश आतून आला, बघितलं आणि म्हणाला, मी हेच सुचवणार होतो.

११ फेब्रुवारी

सुधारलेला नकाशा स्वतः पेणला नेऊन दिला. पोच घेतली. सुटले.

२७ फेब्रुवारी

कसली सुटतेय! पत्र आलं. ‘प्रथम नकाशात बांध आहे. द्वितीय नकाशात नाही. सदर बांध दि. १४ जानेवारी ते ११ फेब्रुवारी या कालावधीत कोठे गेला, याचा खुलासा करावा. स्थळपाहणी ६ मार्च रोजी होईल.’

मी हसून हसून रडले. मग बघितलं, निकेश हसत नव्हता.

६ मार्च

पाहणी झाली. पेणहून हैबतराव साहेब आले होते. रिटायर व्हायला आलेले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, दोन हातांत दोन नकाशे. खाडीकडे बघितलं — चिखल. विचारलं, बांध कुठाय?

मी तोंड उघडायच्या आत काळुराम पुढे. “सायब, दर्यानं नेला.”

सगळ्या गावाने माना डोलावल्या. केरूने तर बांध केवढा रुंद होता ते हात पसरून दाखवलं. वर त्याची शेळी म्हणे दुपारची तिथेच बसायची. साहेबांनी शेळीसकट सगळं लिहून घेतलं.

मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, नवा बांध यादीत जाईल, सात-आठ वर्षं नंबर लागणार नाही. फुटलेल्या बांधाची दुरुस्ती मात्र याच महिन्यात मंजूर करता येते. फक्त दोन नकाशांतला खरा कोणता, हे नकाशा काढणाऱ्याने लेखी द्यायला हवं. “बाई, पहिला बरोबर होता एवढं लिहून द्या. पावसाच्या आत माती पडेल.”

७ मार्च

नाही देणार. नसलेल्या बांधावर शेळी बसवणारे हे लोक, आणि सही माझी? बावीस वर्षांत माझ्या एका रेघेला कोणी बोट लावलेलं नाही. जे नाही ते सलग मी काढणार नाही आणि काढलं होतं असं म्हणणारही नाही. निकेश दिवसभर मागे मागे फिरत होता, बाई, एकच ओळ. त्याला सांगितलं, तुझ्या मशीनला लिहायला सांग, ते चुकत नाही.

१५ मार्च, रविवार

माहेरी गेले होते. कोणी धड बोललं नाही. वहिनीने जेवायला वाढलं. भात दुकानातल्या तांदळाचा होता. आमच्या घरात विकतचा तांदूळ! लाज वाटली.

निघताना काळुराम म्हणाला, “तुजी रेघ ऱ्हाऊ दे बरोबर. आमचं भात जाऊ दे.”

वडखळपासून रोह्यापर्यंत खिडकीकडे तोंड करून रडले. चूक काय माझी? हे पण कळतं की चूक नसून उपयोग नाही.

२२ मार्च

पत्र लिहिलं. फाडलं. आकडे काय लिहायचे हेच सुचेना — खोट्या बांधाची उंची किती?

२८ मार्च, पाडवा

हौसाआत्या, वडिलांची बहीण, गावातच दिलेली, ऐंशीच्या पुढची. ऐकू येत नाही म्हणून या सगळ्या प्रकरणात तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. आज सकाळी माहेरी गुढी उभारल्यावर मीच तिच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं. ती उठली आणि मनगट धरून मला खाडीवर घेऊन गेली. अमावास्येची ओहोटी, पाणी लांब गेलेलं. गुडघाभर चिखलात पाय दगडाला लागला. मग दुसरा दगड, तिसरा, रांगेने. जमीन तिथे जरा उंच म्हणून मी रेघ तिथून नेली होती. दगडही तिथूनच जातात, माझी रेघ जिथे वळते तिथेच वळतात.

“माज्या सासऱ्यानं घातलेला,” आत्या म्हणाली. “माज्या लग्नाच्या साली दर्यानं नेला. काळू कुठं लबाड बोलला?”

तिथेच उभं राहून पत्र लिहिलं. पहिला नकाशा बरोबर आहे. दुसऱ्यातली चूक माझी.