एकतीस-एकतीस

प्रिय सुलेखा,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला बसलोय. सकाळपासून दोनदा भांडी घासली, एकदा उगाच गाडी पुसली. फोन उलटा ठेवलाय, तरी थरथरतोच आहे. तुझ्या हरण्याच्या व्हिडिओला लोक अजून बदाम पाठवतायत. पुण्याहून, न्युरेम्बर्गहून, कुठून कुठून. आपल्या वोल्फ्सबुर्गातून फक्त तीन, त्यातला एक माझा.

तू नगर परिषदेसाठी पक्षाची उमेदवारी मागायचं ठरवलंस ते एका बसपायी. संध्याकाळी सातनंतर आपल्या वस्तीला बस नाही, आणि तुझ्या सासूबाई थांब्यावर दीड तास कुडकुडल्या होत्या. मी त्याची मोहीम करून टाकली. ऑनलाइन पाच हजार पाठीराखे जमवले आणि कॉलर ताठ करून हिंडलो. तुझ्यासमोरचा इच्छुक युर्गन मात्र पक्षाच्या जुन्या सभासदांच्या घरी केक खात बसायचा. त्याची आपण किती टिंगल केली! उमेदवार निवडायच्या सभेच्या दिवशी त्याने काठी टेकणाऱ्या चार आज्या स्वतःच्या गाडीतून दोन खेपांत आणल्या. मी तेव्हा कमेंटना उत्तरं देत होतो.

आपला क्षितिज सभागृहातून मोबाइलवर दाखवत होता त्या लाइव्हवर चार हजार लोक होते आणि सभागृहात मतं बासष्ट. एकतीस-एकतीस. पुन्हा मतदान, पुन्हा एकतीस-एकतीस. मग अध्यक्षबाईंनी काचेच्या भांड्यातून चिठ्ठी काढून युर्गनचं नाव वाचलं. तू टाळ्या वाजवल्यास, हसलीससुद्धा. मला ते बघवेना. तुला वाटलं मी घरून बघतोय. मी बाहेर पार्किंगमध्ये होतो गं, गाडीत, काचा वर करून.

बाबांचं तुला ठाऊक आहे. मला इथे येऊन अठरा वर्षं झाली, तरी फोन ठेवण्याआधी पासपोर्ट अजून आपला भारताचाच आहे ना, हे विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. तू जर्मन नागरिक झालीस तेव्हा ऑफिसभर पेढे वाटलेस. मला त्या पेढ्यांचा हेवा वाटला होता. बाबा तुझ्या प्रत्येक व्हिडिओवर सगळ्यात आधी बदाम टाकतात. त्या दिवशीही ते बघत होते. मतपत्रिका घ्यायची तर दारात जर्मन ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि क्षितिजचा कॅमेरा नेमका दाराकडे होता.

काल तू ग्रुपवर लिहिलंस, नागेशला मत असतं तर आपण जिंकलो असतो, आणि पुढे हसरा चेहरा. सगळ्यांनी हसरे चेहरे टाकले. मीही टाकला. त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. सुलेखा, मला मत होतं. पक्षात तर तुझ्याबरोबरच नाव नोंदवलं होतं. नागरिकत्वाचा अर्ज अडकलाय असं तुला सांगत राहिलो, ते खोटं. फेब्रुवारीतच मी जर्मन झालो. ओळखपत्र त्या दिवशी शर्टाच्या खिशात होतं आणि दार वीस पावलांवर. आज दुपारी बाबांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, की सुलेखाला सांगितलंस का.

अजून म्हणू देशील तर तुझाच,
नागेश