बसवराजची छत्री

बुधवार, चैत्र वद्य पंचमी. लातूर

बसवराज या दुष्काळात छत्री घेऊन आला! पुढे भाव कुठे जातील हे कोणालाच सांगता येत नाही, एवढेच जन्मभर संशोधन करून सिद्ध केलेला हा माझा वर्गमित्र, अर्थशास्त्रज्ञ. हातात काय, तर छत्री.

व्याख्यानाला सगळे व्यापारी आले होते. शेवटी एका आडत्याने विचारलेच, "साहेब, हरभरा इकावं का ठिवावं, तेवढं सांगा की."

"सांगता येत नाही."

"मंग एवढं शिकून कळालं काय?"

"तेच कळालं."

सभा हसली. बातमीत फलश्रुती म्हणून मी काय लिहू, कपाळ?

खरा वैताग स्टँडवर. नांदेडची गाडी लागली तसा हळूच म्हणाला, "दलाल उद्या उत्तर मागतोय. विहीर आटली म्हणून इथलं शेत विकू, का लातूर नवा जिल्हा झालाय, जमिनीचा भाव चढेल म्हणून थांबू? आई तिथंच राहते रे."

"कोणालाच सांगता येत नाही ना?"

"ते भाषणात. तू सांग."

आणि मी, संस्कृत शिकलेला वार्ताहर, "ठेव" म्हणालो. कशाच्या आधारावर? त्याने पुरावासुद्धा मागितला नाही. चेहरा असा निवला की शब्द परत घेता येईना. चढताना छत्री माझ्या हातात कोंबली. "राहू दे. भविष्य सांगणाऱ्याला लागेल."

भर उन्हात ती छत्री काखेत मारून निघालो. वाटेत पानवाल्याने हाक मारली, "काय पंडितजी, पाऊस येतोय का काय?"

"सांगता येत नाही," म्हणालो.

हेच मघाशी का सुचले नाही?